खुशाली

आमच्या भागात खुशाली या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पत्रातली खुशाली, ‘इकडे सर्व क्षेम, तुमची खुशाली कळवणे’ ही. आणि दुसरी ऊस तुटल्यावर तोडकऱ्यांना द्यायची ती. पहिली आता कुणी लिहीत नाही, पत्रंच राहिली नाहीत. दुसरी मात्र वाढत गेली. इतकी वाढली, की खुशाली म्हटलं की कुणाच्याच तोंडावर खुशी दिसेना.

आमचं कन्हेरी बारामती-इंदापूर रस्त्याच्या पट्ट्यात, काटेवाडीच्या शेजारी. बाहेरच्यांना गाव माहीत आहे ते मारुतीमुळं. निवडणूक आली की पवारांच्या प्रचाराचा नारळ इथं फुटतो, एक दिवस गाड्यांनी रस्ता भरतो, टीव्हीवर देऊळ दिसतं. एरवी आम्ही आणि आमचा ऊस. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्याच्या रानाला लागलं तो बागाईतदार, नाही लागलं तो जिराईतदार. एकाच बांधावर दोन जाती तयार झाल्या म्हणा ना. आमचं दोन एकर पाण्याखाली होतं, तेवढ्यावर आबा स्वतःला बागाईतदार म्हणवून घ्यायचे.

मी लहान असताना, म्हणजे सत्तरचं दशक सरता सरता, दिवाळीच्या आगंमागं बीडकडच्या टोळ्या यायच्या. पाटोदा, आष्टी, शिरूर. बैलगाड्या, कोपीचं सामान, बायकापोरं, कोंबड्या, सगळं एकत्र. ओढ्याच्या कडंला कोप्या पडायच्या आणि पहाटे तीन-चारला कोयत्यांचा आवाज सुरू व्हायचा. त्या लोकांत माणसं मोजायची पद्धत नव्हती, ‘कोयते’ मोजायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडायचा, बायको मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची, आणि हिशेबात दोघं मिळून एक. मला त्या वयात यात काही वावगं वाटत नव्हतं. आईलाही आबांच्या सात-बाऱ्यात कुठं नाव होतं?

फड संपला, शेवटची गाडी भरली, की आबा टोळीला खुशाली द्यायचे. एखाद्या वर्षी गूळ आणि हरभऱ्याची डाळ. ऊस चांगला उतरला असला तर बोकड. आई प्रत्येक बाईला खण द्यायची, कधी जुनेरं. पोरांच्या हातावर चार आणे. किती द्यायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं. आबा त्या दिवशी दाढीबिढी करून फडावर जायचे, मुकादमाशी तंबाखू मळत बसायचे. देणाऱ्याचा मान आणि घेणाऱ्याचाही मान, असा तो कार्यक्रम. वाढं तर तोडकऱ्यांचंच असायचं, ते गाई-म्हशीवाल्यांना विकून त्यांचं मीठ-मिरचीचं भागायचं.

खुशाली आणि मजुरी यात फरक काय, हे मात्र मला उसाच्या फडात कळलं नाही. ते कळलं पुण्यात, हॉटेलात.

१९८६ साली दहावी होऊन मी पुण्याला गेलो. गावचा एकजण एका हॉटेलात भटारखान्यात होता, त्यानं चिकटवलं. हॉटेलचं नाव सांगत नाही, आता ते तिथं नाहीही. सुरुवातीला टेबल पुसणारा पोऱ्या, मग बाहेरवाला, म्हणजे आजूबाजूच्या दुकानांत चहा पोचवणारा, मग दीड वर्षानं वेटर. भटारखान्यात वस्ताद, मोरीवर दोन पोरं, गल्ल्यावर शेठ. सकाळी सातला फडका हातात घेतला की रात्री अकराला ठेवायचा. त्याच बाकांवर झोपायचं. पगार दोनशे रुपये, जेवून-खाऊन. महिन्याच्या सात-आठ तारखेला मस्टरवर तिकीट लावून सही घ्यायचे. सहीच्या वरचा आकडा हातात आलेल्या आकड्यापेक्षा मोठा असायचा. “वाचत बसू नको, सही कर,” एवढंच शेठ म्हणायचे. तसे ते वाईट बोलणारे नव्हते. दसऱ्याला सगळ्यांना कपडे करायचे, ताप आला तर स्वतःच्या पैशानं डॉक्टर. फक्त पगाराचं नाव काढलं की एकच वाक्य, “अरे, टीप आहे ना तुम्हाला.”

टीपेची दुनिया वेगळीच असते. बडीशेपेच्या बशीत बिल न्यायचं, बशी ठेवून दोन पावलं मागं सरायचं, पण फार लांब जायचं नाही. गिऱ्हाइकाचा हात खिशातून निघाला की नजर दुसरीकडं वळवायची. आठवड्याभरात मी माणसं ओळखायला शिकलो. बायको सोबत असली की माणूस टीप ठेवतो. मित्र सोबत असले तर जास्त ठेवतो. मेव्हणा असला तर सगळ्यात जास्त. एकटा माणूस सुटे मोजून घेतो. आपल्याकडचा पागोटेवाला शेतकरी टीप ठेवत नाही, त्याला ती रीत माहीत नसते. पण पाण्याचा गिलास ठेवला तरी विचारतो, “बाळा, गाव कंचं तुझं?” मला ते रुपयापेक्षा बरं वाटायचं, पण रात्री खिशात हात घातल्यावर ते सापडायचं नाही. चांगल्या दिवशी आठ-दहा रुपये सुटायचे. श्रावणात, पावसाच्या झडीत दोन रुपयेसुद्धा नाही. मोरीवरच्या पोरांना तर गिऱ्हाइकाचं तोंडच दिसत नव्हतं, त्यांना कसली टीप.

एकदा आबा मार्केट यार्डात गुळाच्या पट्टीसाठी आले आणि मला बघायला म्हणून हॉटेलात शिरले. कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. मी त्यांना मिसळ दिली आणि शेजारचं टेबल आवरताना बशीतलं आठ आण्याचं नाणं उचलून खिशात टाकलं. त्यांनी बघितलं. बाहेर निघाल्यावर पानाच्या टपरीपाशी थांबले.

“पगार किती म्हनलास?”

“दोनशे.”

“आन् ते काय उचललंस?”

“ते वरचं असतं.”

“वरचं म्हंजी कुनाचं?”

“गिऱ्हाइकाचं. खुश झालं की देतं.”

आबा बराच वेळ सुपारी चघळत राहिले. मग म्हणाले, “आपन टोळीला देतो तसंच की रं. पर त्यांची मजुरी कारखाना देतो. तुझी मजुरी कोन देतंय?”

मी म्हटलं, शेठ देतात की. पण हा प्रश्न डोक्यात राहिला, तो राहिलाच.

आमच्यात एक वयस्कर वेटर होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. मूळचे साताऱ्याकडचे. मुंबईत बरीच वर्षं हॉटेलांत काढलेली, तिथं युनियनचे झेंडे धरलेले. त्यांच्या पेटीत एक पिवळं पडलेलं पुस्तक होतं, किमान वेतन कायद्याचं. रात्री बाकावर आडवं पडलं की ते सांगायचे. हा कायदा १९४८ सालचा. त्याचं बिल पहिल्यांदा मांडलं १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा. तात्या इथं हमखास थांबायचे. “बाबासाहेबांनीच का मांडलं, सांग.” मी गप्प. “कारण मालकाच्या मर्जीवर जगणं म्हंजी काय, हे त्यांच्या लोकांइतकं कुनाला म्हाईत होतं? बलुतं घ्यायला खळ्यावर जायचं. काम वर्षभर केलेलं. पन घालताना देनारा असं घालायचा की जणू दान करतोय. हक्काचं असून भिकेसारखं घ्यायचं. म्हनून त्या मानसानं म्हनलं, आकडा कागदावर पायजे.”

यातलं किती तात्यांचं स्वतःचं आणि किती वाचलेलं, मला माहीत नाही. पण खळ्यावर आबांना सूप भरून घालताना मी पाहिलं होतं, आणि समोर पोतं पसरून उभ्या राहिलेल्या माणसाची मान कुठं असते तेही. तेव्हा मी आमच्या सुपाकडं बघत होतो, त्या मानेकडं नाही.

कायद्यातल्या चार गोष्टी तात्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. हॉटेल-खानावळ हा धंदा किमान वेतनाच्या यादीत आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे भाग आहेत, आणि शहरासाठी एक परिमंडळ, खेड्यासाठी दुसरं. मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो, महागाई बघून तो वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ठरल्या तासांच्या वर काम करून घेतलं तर दुप्पट दर. आणि कमी पगार दिला तर सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो, फरक तर मिळतोच, वर त्या फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम करता येतो. पण त्यांना सगळ्यात आवडायचं ते पंचविसावं कलम. कामगारानं स्वतः राजीखुशीनं लिहून दिलं, की मला कमी पगार चालेल, तरी ते लिहिणं रद्द. “बघ,” तात्या म्हणायचे, “सरकारला ठावं होतं की आपन लिहून देनार.”

आणि टीप? टीपेचा त्या पुस्तकात शब्दच नव्हता. मी विचारलं तेव्हा तात्या हसले. “नसनारच. पगार कुनी द्यायचा ह्याचा कायदा हाय हा. टीप मालक देतो का?”

पावसाळ्यात धंदा बसला तसं शेठनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून वेटरचा पगार निम्मा, टीप मिळतेच. मोरीवरच्या पोरांचा होता तसाच राहील. आणि तेव्हा पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पगार विचारले. तोवर कुणी कुणाला सांगत नव्हतं. मोरीवरच्या थोरल्या पोराला दीडशे होते. त्याचे हात सोड्यानं सडलेले, नखं निघालेली. ज्याला टीप अजिबात नाही त्याचा पगार आमच्याहून कमी! म्हणजे टीप आहे म्हणून पगार कमी, हे कारण नव्हतंच. पगार कमी द्यायचा होता, कारण नंतर शोधलेलं.

तात्यांनी अर्ज लिहिला. आम्ही पाचजणांनी सह्या केल्या, मोरीवरच्या पोरानं अंगठा. कामगार ऑफिसात तारखा पडत गेल्या. एका तारखेला शेठ त्यांच्या वकिलासोबत आले. वकील म्हणाले, साहेब, या लोकांना पगारापेक्षा जास्त टीप मिळते, हे पोटभर खातात, राहायला जागा आहे. साहेब पोक्त होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी शेठना विचारलं, “टीप तुमच्या गल्ल्यातून जाते का?” शेठ म्हणाले, नाही, गिऱ्हाईक देतं. साहेब म्हणाले, “मग तुमच्या हिशेबात ती कशाला आणता?”

एवढंच. भाषण नाही, काही नाही. मी तिथं उभा होतो, मला आबांची सुपारी आठवली.

निकालापर्यंत गोष्ट गेली नाही. तडजोड झाली. दहापट वगैरे काही मिळालं नाही, सहा महिन्यांचा फरक मिळाला आणि तोही दोन हप्त्यांत. तात्यांना आणि मला कामावर परत घेतलं नाही. माझ्या वाट्याचे पैसे मी घरी आणले, त्यात एक शेळी आली आणि कौलं बदलली. मोरीवरच्या पोराला आमच्यापेक्षा जास्त मिळाले, कारण त्याचा फरकच मोठा होता. त्यानं ते पैसे दोनदा मोजले आणि तात्यांना विचारलं, “ही टीप का पगार?” तात्या त्याच्यावर ओरडले. मग डोळे पुसत बसले.

त्याच्या काही वर्षं आधी, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या तेविसाव्या कलमात बंदी घातलेली वेठबिगारीच. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. वेठ हा शब्द आमच्याकडं म्हाताऱ्यांच्या तोंडी होता, पाटलाच्या, साहेबाच्या दौऱ्याच्या गोष्टींत. चकचकीत हॉटेलच्या मोरीलाही तोच शब्द लागतो, हे तात्यांना माहीत असतं तर ते शेठच्या तोंडावर म्हणाले असते.

आबांचे गुडघे गेले आणि १९९१ ला मी गावी आलो. आता ऊस माझ्या नावावर आणि खुशाली द्यायची पाळी माझी. पण मधल्या काळात खुशालीचं रूप पालटलं होतं. बैलगाड्यांसोबत ट्रॅक्टर आले, ट्रक आले. डायव्हरची ‘एंट्री’ निघाली. खेपेला पन्नास, मग शंभर, मग दोनशे, आणि आता पाचशेच्या खाली कुणी बोलत नाही. तोडणीची खुशाली एकरावर गेली. आधी रक्कम ठरवायची, मग कोयता लागणार. बोकड नको, गूळ नको, रोकडा. फडावर जाताना दाढी करायची गोष्टच संपली, उलट शेतकरी तोंड चुकवायला लागला.

यातली खरी गंमत शेतकऱ्याच्या बिलात आहे. एफआरपी म्हणून उसाचा जो भाव जाहीर होतो तो कारखान्याच्या दारातला. रानातून दारापर्यंत आणायचा खर्च, म्हणजे तोडणी-वाहतूक, आमच्या बिलातून कापून घेतात. म्हणजे तोडकऱ्याची मजुरी आम्ही एकदा दिलेलीच असते, फक्त ती आमच्या हातून जात नाही. कारखान्याकडून मुकादमाकडं, मुकादमाकडून उचलीच्या वहीत. मग तोच तोडकरी बांधावर उभा राहून म्हणतो, मालक, खुशालीचं बघा. आणि शेतकरी म्हणतो, हे लुटारू आहेत. पारावर बसा, डिसेंबर ते मार्च दुसरा विषय नसतो.

आमच्या शेजारच्या रानातल्या एकानं एका साली ठाम नाही म्हटलं. तक्रार केली. तक्रार करायची सोय आहे, साखर आयुक्तालयाची परिपत्रकं आहेत की शेतकऱ्याकडून असे पैसे घेऊ नयेत, घेतले तर तोडणीच्या बिलातून वसूल करावेत. तक्रारीवर शिक्काही मिळाला. फक्त त्याच्या रानाकडं टोळी फिरकली नाही. चिटबॉय म्हणायचा, उद्या. उसाला तुरे आले, मार्च लागला, वजन घटलं. शेवटी त्यानं दुप्पट दिले. त्यानंतर आमच्या बाजूला तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

मीही चिडून होतो. एका हंगामात बांधावर एका बाईशीच माझी जुंपली. वय पस्तिशीचं असेल, दिसायला पन्नाशीची. मोळी टाकून पदरानं घाम पुसत उभी राहिली. मी म्हटलं, “मजुरी मिळती ना तुम्हाला कारखान्याची? मग आमच्याकडं कशापायी हात पसरता?”

ती म्हणाली, “मालक, कारखाना आमाला कुडं दिसतोय? आमाला तुमीच दिसता.”

मला पुढं बोलता आलं नाही. गिऱ्हाइकाच्या खिशाकडं बघून न बघितल्यासारखं करणारा मी, आणि ती, फार फरक नव्हता. ज्याच्याकडं मागायचं तो भिंतीपलीकडं बसलेला, आणि जो समोर आहे त्याच्यावर रुसायचं.

त्यांचा हिशेब एकदा मांडून बघावा. साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात दर काही वर्षांनी करार होतो, लवाद बसतो, संप होतात. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपये होते ते ३६६ च्या घरात गेले. पेपरात मोठा मथळा आला. आता एक कोयता, म्हणजे दोन माणसं, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दोन टन तोडत असेल असं धरू. सव्वासातशे-साडेसातशे रुपये. माणशी पावणेचारशेच्या आत. तास किती? बारा-चौदा. त्यात टायरपाशी बसून वाहनाची वाट बघणं धरलेलं नाही, रात्री दोनला गाडी भरायला उठणं धरलेलं नाही. एक दिवस आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापायचे. टनावर मजुरी आहे म्हणून तास कुणी मोजत नाही, आणि तास मोजत नाहीत म्हणून किमान वेतनाचा प्रश्नच कुणी विचारत नाही. मग जे कमी पडतं ते कुठून भरायचं? वाढं विकून, आणि बांधावरच्या मालकाकडून.

म्हणून खुशाली बंद करा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि खुशाली हा त्यांचा हक्क आहे म्हणणाऱ्यांचंही नाही. हक्क मजुरीचा आहे. मजुरी पुरती मिळाली की खुशाली परत बोकडावर येईल, आणि तेव्हा मी स्वतः बोकड सोडून आणीन.

माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्या पहिल्या वर्षीच्या फोनवर त्याची एक तक्रार कायम असायची, इथं जेवायला गेलं की बिलावर अठरा-वीस टक्के टीप द्यावी लागते, नाही दिली तर वेटर पार्किंगपर्यंत मागं येतो. मी त्याला म्हटलं, त्याचा पगार विचार. त्यानं शोधून सांगितलं आणि मी चाट पडलो. तिथं देशाचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तेवढंच. पण टीप मिळणाऱ्याला मालकानं तासाला फक्त दोन डॉलर तेरा सेंट दिले तरी चालतात, उरलेलं टीपेतून भरून निघालं असं धरायचं. नाही निघालं तर मालकानं भरायचं, असा नियम. हा दोन डॉलर तेरा सेंटचा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ज्या वर्षी मी गावी परत आलो, त्या वर्षीपासून! काही राज्यांनी, कॅलिफोर्नियासारख्या, हे मोडीत काढलं आणि टीप धरायचीच नाही असं ठरवलं. टेक्सासनं नाही.

म्हणजे शेठचं वाक्य तिथं कायदा आहे. आपल्याकडं कायदा कामगाराच्या बाजूनं आणि वागणूक टेक्साससारखी. पुतण्याला मी सांगितलं, तू टीप देत जा, वेटरवर चिडू नको. तो म्हणाला, “काका, चिडायचं मग कुणावर?” हाच तर प्रश्न बांधावरचा.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोरही टीप एकदा आली होती, पण वेगळ्याच वाटेनं. मोठ्या हॉटेलांत गिऱ्हाईक कार्डानं बिल भरताना टीपही त्यातच देतं, मग हॉटेल ती कामगारांना वाटतं. आयकर खातं म्हणालं, हा पगारच झाला, कर कापा. २०१६ साली निकाल लागला की नाही, टीप देणारं गिऱ्हाईक आहे, मालकाच्या हातातून फक्त ती पुढं जाते, तो पगार नव्हे. करापुरता निकाल आहे हा. पण कामगार ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्या साहेबांनी तीस वर्षांआधी एका ओळीत तेच सांगितलं होतं.

आता आमच्या बाजूनं पालखी मार्ग झाला आहे. बारामती-इंदापूर रस्ता चौपदरी. तुकोबांच्या पालखीच्या दिवसांत वारकरी, एरवी गाड्या. दुतर्फा हॉटेलं निघाली, मटण-भाकरीचे फलक, पोरांना खेळायला घसरगुंड्या. गावातली पोरं तिथं कामाला आहेत, काही एमआयडीसीत, काही तिथं. वस्तीवरचा एक पोरगा माझ्याकडं येऊन बसतो, वीस-एकवीस वर्षांचा. सकाळी अकराला जातो, रात्री बाराला येतो. महिना नऊ हजार. मी विचारलं, कागदावर किती? म्हणाला, कागद नाहीच काका, मालक फोनवर टाकतात.

“आणि टीप?”

“टीप पहिली होती. आता गिऱ्हाईक फोननंच पैसे देतंय. काउंटरवरचा चौकोन मारला की मालकाच्या खात्यावर. एखादं म्हनतं, तुझे पन्नास त्यातच घातलेत बरं का. मी मालकाला सांगितलं तर म्हनले, कशावरून?”

मी खूप हसलो, मग माझंच मला बरं वाटेना. आमच्या वेळी पगार कमी आणि टीप हातात, असं तरी होतं. आता शेठच्या गल्ल्यातून न जाणारा पैसाही गल्ल्यात जायला लागला, आणि “टीप आहे ना” हे वाक्य मात्र तसंच आहे, त्या पोरानं मला शब्दाला शब्द तेच ऐकवलं.

त्याला मी जे माहीत होतं ते सांगितलं. जुना कायदा जाऊन आता वेतन संहिता आली आहे, २०१९ ला मंजूर झाली, २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली. दावा लावायची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली. आठ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर आजही आहे. खेड्यातलं हॉटेल आहे म्हणून परिमंडळ बदलेल, आकडा थोडा कमी होईल, पण शून्य होत नाही. पगार खात्यावर येतो हे बरंच आहे, त्याच्या नोंदी राहतात. तासांच्या नोंदी मात्र कुणी ठेवत नाही, त्या तू ठेव.

तो म्हणाला, “मालक काढून टाकतील.”

“टाकतील,” मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं. मला टाकलंच होतं.

पुढच्या आठवड्यात तो शंभर पानी वही घेऊन आला. पट्टीनं रकाने आखले होते. तारीख, आलो, गेलो, एकूण तास. शेवटी टीप असा एक रकाना. आमच्या बापलेकांच्या खुशालीच्या गोष्टी त्याला सांगितल्या नव्हत्या, तरी त्यानं विचारलं, “काका, ही टीप ह्यातच लिहायची का येगळी?”

वेगळ्या पानावर घे म्हटलं. तिथंच बसून त्यानं नवीन पान उघडलं, गेल्या चार दिवसांचे आकडे उतरवले, एक दिवस वीस, एक दिवस काहीच नाही. मग घड्याळ बघितलं. पावणेअकरा झाले होते.